खर्जातला खलनायक

लहान मुलांना गोष्ट सांगणाऱ्या कुणाकडेही जरा लक्ष देऊन बघा. सशाचं बोलणं आलं की आवाज बारीक होतो. म्हातारीचं आलं की थोडा कापरा होतो. आणि वाघोबा किंवा राक्षस आला की हनुवटी छातीकडे जाते, गाल फुगतात आणि आवाज थेट खर्जात उतरतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. आजोबा असंच सांगतात, आईही असंच सांगते आणि गोष्ट ऐकणारं चार वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी बाहुलीला गोष्ट सांगताना तसाच आवाज काढतं.

मग आपण सिनेमे बघायला लागतो आणि तिथेही तेच. अंधारात पाठमोरी खुर्ची, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवणारा हात, आणि संथ, खोल, घुमणारा आवाज. चेहरा दिसायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं की हाच तो.

बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात होता. दुष्टाचा आवाज खोलच का? आणि तो तसा केव्हापासून झाला? त्या निमित्ताने थोडं वाचलं, काही जुन्या गोष्टी पुन्हा पाहिल्या-ऐकल्या. जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

सोपं उत्तर प्राणिशास्त्रात मिळतं. यूजीन मॉर्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७७ साली पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या आवाजांबद्दल एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हल्ल्याच्या तयारीत असलेला प्राणी खालच्या पट्टीतला, खरखरीत आवाज काढतो आणि घाबरलेला किंवा लाडात आलेला प्राणी वरच्या पट्टीतला, स्वच्छ आवाज काढतो. आपल्या गल्लीतलं कुत्रं आठवा. गुरगुरणं खाली, केकाटणं वर. कारणही साधं आहे: मोठ्या शरीराचा आवाज सहसा जाड असतो, म्हणून जाड आवाज काढणं म्हणजे 'मी मोठा आहे' असं सांगणं. पुढे जॉन ओहाला या भाषाशास्त्रज्ञाने हाच विचार माणसाच्या बोलण्याला लावून दाखवला.

पण यातही एक मेख आहे. युरोपातल्या लाल हरणाचा नर माजावर आला की ओरडताना आपलं स्वरयंत्र गळ्यात खाली ओढून घेतो. त्यामुळे गळ्याची नळी लांब होते आणि तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. २००१ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे आवाजाने मोठं असल्याचं सोंग आणणं माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे! ऑस्ट्रेलियातला कोआला तर याचा कळस. दिवसातला बहुतेक वेळ झाडावर झोपा काढणारा, पाने खाणारा हा लहानसा प्राणी. त्याची डरकाळी ऐकली तर एखादं भलंमोठं जनावर आलं असं वाटावं. खालच्या सुरांसाठी त्याच्या घशात स्वरतंतूंची वेगळी जादा जोडी असते, हे २०१३ साली उजेडात आलं. माणसांतही प्रौढ पुरुषाच्या नुसत्या आवाजाच्या पट्टीवरून त्याची उंची ओळखायला जाल तर बहुतेक वेळा फसाल.

तर, खोल आवाजाची भीती आपल्या हाडात आहे हे खरं. पण तेवढंच असतं तर सगळ्या देशांत, सगळ्या काळांत, सगळ्या रंगमंचांवर खलनायक खर्जातच बोलला असता. तसं झालेलं नाही.

आपल्या नाट्यशास्त्रापासून सुरुवात करू. भरताने नटाच्या वाचिक अभिनयाचा फार बारकाईने विचार केला आहे. आवाज निघण्याच्या जागा तीन: छाती, कंठ आणि मस्तक. दूरच्या माणसाला हाक मारायची तर मस्तकातून, थोड्या अंतरावरच्याला कंठातून, आणि शेजारच्याशी बोलायचं तर छातीतून. पुढे कोणत्या प्रसंगाला कोणता आवाज, हेही सांगितलं आहे. भांडण, क्रोध, धिक्कार, गर्व, शौर्य यांच्यासाठी 'दीप्त', म्हणजे मस्तकातून निघणारा, अगदी चढा आवाज. आणि 'मंद्र' कशासाठी? तर खिन्नता, थकवा, चिंता, दैन्य, आजारपण, मूर्च्छा आणि गुप्त गोष्ट सांगणं यांसाठी! म्हणजे भरताच्या नटाला दरारा दाखवायचा तर त्याने आवाज चढवायचा. खर्जात बोलला तर प्रेक्षकांना वाटायचं, याला बरं नाही वाटतं.

बरं, संस्कृत काव्यांत खोल आवाज कुणाचा असतो? मेघगंभीर वाणी ही देवांची, राजांची, ऋषींची. ती स्तुती आहे. पण त्याच वेळी रावणाच्या मुलाचं नाव मेघनाद आहे, कारण जन्मल्याबरोबर तो मेघगर्जनेसारखा रडला असं रामायणाचं उत्तरकांड सांगतं. खुद्द रावणाचं नावही आवाजावरूनच पडलं. कैलासाखाली हात चिरडले गेल्यावर त्याने जी आरोळी ठोकली, तिच्यावरून शंकराने त्याला ते दिलं. म्हणजे ढगाचा गडगडाट देवाकडेही आहे आणि राक्षसाकडेही. फरक बहुधा असा की देव त्या आवाजात बोलतात आणि राक्षस ओरडतात.

केरळच्या कथकलीत हा फरक फार स्पष्ट दिसतो. तिथे नट बोलत नाहीत, शब्द मागे उभे असलेल्या गायकांचे. हिरव्या चेहऱ्याचे नायक, म्हणजे राम, कृष्ण, अर्जुन वगैरे, पूर्ण मूक. पण रावण, दुर्योधन, कीचक अशा 'कत्ति' वेषातल्या पात्रांना आणि दाढीवाल्या राक्षसी पात्रांना तोंडाने आवाज काढायची मुभा आहे. पडद्यामागून त्यांची आरोळी आधी येते, मग पडद्याच्या कडेवर बोटं दिसतात, मग हळूहळू चेहरा. आवाज आधी आणि चेहरा मागाहून, ही सिनेमावाल्यांची युक्ती कथकलीने आधीच वापरून ठेवली आहे. फक्त तो आवाज संथ, खोल बोलण्याचा नाही. आरोळी आहे.

आणि आपल्या कोकणातल्या दशावतारात तर वेद पळवणारा संकासुर चक्क लोकांना हसवतो! पुढे मुख्य आख्यानात राक्षस येतो तो आरडाओरडा करत, पाय आपटत. रात्रभर उघड्यावर चालणारा खेळ, समोर सगळं गाव बसलेलं. तिथे खर्जात कुजबुजून काय उपयोग? तिसऱ्या रांगेच्या पलीकडे काही जाणारच नाही.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. मायक्रोफोन येण्याआधी, ज्याला लोकांपुढे उभं राहायचं त्याला आवाज 'पोचवावा' लागे. आपल्या भाषेत त्याच्या खुणा आहेत. शाहिराचा आवाज 'पहाडी' असतो. कीर्तनकाराचा 'खणखणीत' असतो. नट 'आवाज टाकतो' किंवा 'फेकतो'. संगीत नाटकातले गायक नट तर वरच्या पट्टीत गात, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे. खालच्या पट्टीत एवढा जोर लावणं कठीण, आणि लावलाच तरी शब्द नीट कळत नाहीत.

पश्चिमेकडे ऑपेरात वाद्यवृंदाच्या वरून ऐकू जाणारे खर्जाचे गायक तयार झाले खरे, पण तिथेही खर्ज म्हणजे दुष्ट असं समीकरण सुरुवातीला नव्हतं. हेंडेलचा 'ज्युलियस सीझर' हा ऑपेरा १७२४ साली लंडनमध्ये झाला. त्यात सीझरची भूमिका सेनेसिनो या कास्त्रातो गायकाची, म्हणजे बायकांसारख्या उंच आवाजाची. आणि त्याचा शत्रू टॉलेमी? तोही कास्त्रातोच! शूर राजाचा आवाज उंच आणि कपटी राजाचाही उंच, यात त्या प्रेक्षकांना काही विचित्र वाटत नव्हतं.

मोत्सार्टने तर १७९१ साली 'मॅजिक फ्लूट'मध्ये सगळ्यांची गंमतच केली. त्यात सारास्त्रो नावाचा पुरोहित आहे, अगदी खोल खर्जातला. राणी नायकाला सांगते की या दुष्टाने माझी मुलगी पळवली. पुढच्या अंकात उलगडतं की सारास्त्रो हा शहाणा, दयाळू माणूस आहे, आणि सुडाने पेटलेली आहे ती राणी. ती राणी जे गाते ते बाईच्या आवाजाच्या अगदी टोकाला, एवढं वर की भल्याभल्या गायिकांना घाम फुटावा. म्हणजे खोल आवाज सज्जनाचा आणि शिखरावरचा आवाज सुडाचा.

हे चित्र बदललं एकोणिसाव्या शतकात. कास्त्रातो गायकांची चलती संपली, प्रेमिक नायक हा टेनर, म्हणजे चढ्या पुरुषी आवाजाचा झाला. आता त्याच्यासमोर उभं करायला वेगळा आवाज हवा. मग वेबरच्या 'फ्रायशुट्झ'मधला (१८२१) सैतानाला आत्मा विकलेला कास्पर खर्जात गेला आणि गुनोच्या 'फाउस्ट'मधला (१८५९) सैतान मेफिस्टोफिलिसही खर्जात गेला. तेव्हा खलनायकाला खर्ज मिळण्यामागे नायकाने वरची जागा आधीच अडवली होती, हेही एक कारण आहे. आपण मात्र त्यालाच निसर्गनियम समजून बसलो.

आणि मग आला मायक्रोफोन.

१९२०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर आणि तबकड्यांवर एक नवीन गाण्याची तऱ्हा सुरू झाली. गायक ओरडायचा बंद झाला आणि कानाशी येऊन गुणगुणायला लागला. जे गायकांनी केलं तेच नटांनीही केलं. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' मुंबईत झळकला आणि पुढच्या वर्षी मराठीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. सुरुवातीच्या बोलपटांतले नट नाटकासारखेच बोलतात, पण हळूहळू ध्यानात आलं की आता पोचवायची जबाबदारी यंत्राची आहे. शिवाय काही प्रकारच्या मायक्रोफोनचा गुणधर्म असा, की तोंड त्याच्या जवळ नेलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो. म्हणजे हळू बोललेलं वाक्य जास्त खोल होऊन, मोठं होऊन हजार माणसांच्या थिएटरात घुमतं. भरताने गुपित सांगण्यासाठी राखून ठेवलेला छातीतला आवाज आता अख्ख्या प्रेक्षागृहाला ऐकू जायला लागला.

याचा पहिला मोठा फायदा ज्यांनी घेतला, त्यांत जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग होता. त्याच्या १९३३ सालच्या 'डॉक्टर माबुझेचं मृत्युपत्र' या चित्रपटात गुन्हेगारांच्या टोळीचा प्रमुख पडद्याआडून हुकूम सोडतो. कुणी त्याला पाहिलेलं नाही. एकदा हिंमत करून पडदा बाजूला केला जातो आणि मागे निघतो ध्वनिक्षेपक! नाझी सरकारने या चित्रपटावर जर्मनीत बंदी घातली. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, अमेरिकेत 'विझर्ड ऑफ ओझ' आला. त्यातही धूर, ज्वाळा आणि गडगडणारा आवाज. पडदा सरकतो तेव्हा मागे यंत्राच्या दांड्या ओढणारा एक साधासुधा म्हातारा असतो. एक भीतीचा सिनेमा, एक मुलांचा, पण सांगणं तेच: आवाज आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या सिनेमाकडे येऊ. १९७५ हे साल या बाबतीत फार विलक्षण आहे. त्या वर्षी 'शोले' आला, श्याम बेनेगलांचा 'निशांत' आला, आणि जब्बार पटेलांचा 'सामना' बर्लिनच्या महोत्सवात गेला. ('निशांत' आणि 'सामना' या दोन्हींच्या लेखनात विजय तेंडुलकर, हाही योगायोगच.) तीन चित्रपट, आणि दहशतीचे तीन वेगवेगळे आवाज.

गब्बर आज आपल्याला खलनायकी आवाजाचा नमुना वाटतो. पण अमजद खान यांचा आवाज या भूमिकेला पुरेसा भारी नाही, अशी शंका चित्रपट तयार होत असताना घेतली गेली होती. दुसऱ्याकडून डबिंग करण्याची गोष्टही निघाली होती. कान देऊन ऐकलं तर ते का, हे कळतं. गब्बरचा आवाज खर्जातला नाहीच. तो खेळवत बोलतो, मध्येच थांबतो, मध्येच वर चढतो, हसताना तर फारच वर जातो. भीती वाटते ती तो पुढच्या क्षणी काय करेल हे कळत नाही म्हणून. पुढे याच आवाजातल्या संवादांची तबकडी निघाली आणि गावोगावच्या गणपतीत, लग्नात वाजली!

'निशांत'मधले जमीनदार अमरीश पुरी. तिथे खरा खर्ज आहे, आणि फार कमी बोलणं आहे. घरात, गावात कुणाची वर मान करायची टाप नाही, तर ओरडायचं कशाला?

आणि 'सामना'तले हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. आवाज खोल म्हणण्यापेक्षा घोगरा, खरखरीत, वाक्याचं शेपूट लांबवणारा. साखर कारखाना, गाव, माणसं सगळं मुठीत असलेला हा माणूस समोरच्याशी गोडीने बोलतो. लोकनाट्यातून आलेल्या निळूभाऊंना आवाज फेकता येत होताच, पण कॅमेऱ्यासमोर त्यांनी तो खाली आणला, आणि समोरच्याला ऐकण्यासाठी वाकायला लावलं. ज्याच्यासाठी दुसऱ्यांना वाकावं लागतं, तो मालक. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात रस घेणारा. पण खेड्यापाड्यात बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या. पडद्यावरचा आवाज त्यांच्या पाठी लागला होता.

त्याच वर्षी, २६ जूनच्या सकाळी, आकाशवाणीवरून देशाला आणीबाणी लागू झाल्याचं सांगण्यात आलं. इंदिरा गांधींचा तो आवाज खोल नव्हता, करडा नव्हता. बाईचा, शांत, बारीकसा आवाज. घाबरण्याचं कारण नाही, असंच तो सांगत होता. पुढच्या एकवीस महिन्यांत किती लोक तुरुंगात गेले हे आपण जाणतो. पडद्यावर आपण गब्बरला घाबरायला शिकत होतो त्या दिवसांतली ही गोष्ट.

दोन वर्षांनी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आला आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध खलनायकी आवाज जन्मला. डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात होता डेव्हिड प्राउझ हा धिप्पाड इंग्रज. चित्रीकरणात संवादही तोच म्हणत होता. पण बोलणं ब्रिस्टलकडच्या ग्रामीण वळणाचं. सहकलाकार त्याची थट्टा करत. शेवटी आवाज घेतला जेम्स अर्ल जोन्स यांचा, आणि श्वासाचा आवाज पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रातून रेकॉर्ड केला. म्हणजे शरीर एकाचं, वाणी दुसऱ्याची, श्वास यंत्राचा. १९७७ च्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जोन्स यांचं नावही नव्हतं. ते त्यांनीच नको म्हटलं होतं.

या जोन्स यांची गोष्ट मला फार आवडते. लहानपणी ते इतके तोतरे होते की सुमारे आठ वर्षे घराबाहेर जवळजवळ बोललेच नाहीत. शाळेतल्या एका शिक्षकांनी कविता म्हणायला लावून त्यांना बोलतं केलं. ज्या आवाजाने जगाला घाबरवलं, तो मुळात बोलायला घाबरणारा आवाज होता.

आणि आता एक साम्य बघा. जोन्स यांचा जन्म १९३१ चा, अमरीश पुरींचा १९३२ चा. दोघेही रंगभूमीवर घडलेले. अमरीश पुरींनी कामगार विमा महामंडळातली नोकरी सांभाळून सत्यदेव दुबेंबरोबर नाटकं केली, सिनेमात नाव झालं ते चाळिशी ओलांडल्यावर. जोन्स १९७७ मध्ये व्हेडर झाले, पुरी १९८७ मध्ये मोगॅम्बो. आणि मग? १९९४ मध्ये 'लायन किंग'मध्ये जोन्स यांनी मुफासाला आवाज दिला, म्हणजे मुलाला जग समजावून सांगणाऱ्या प्रेमळ बापाला. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'त पुरी लंडनमधले बाबूजी झाले. आवाज तोच, एक सूरही इकडचा तिकडे नाही. आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी.

मला वाटतं, इथे सगळं कोडं सुटतं. खोल आवाज दुष्टाचा नाही, वडिलांचा आहे. ज्याचं ऐकायचं असतं त्याचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एक आवाज होता. पायरीवर चप्पल वाजली आणि नुसतं खाकरणं ऐकू आलं की रेडिओ बंद व्हायचा, पत्ते गादीखाली जायचे. तापात डोक्यावर हात ठेवून 'झोप आता' म्हणणाराही तोच असायचा. भीती आणि आधार दोन्ही एकाच पट्टीत. लेखक-दिग्दर्शक त्यातलं हवं ते उचलतात.

म्हणून तर तोच खर्ज नायकालाही चालतो. आकाशवाणीने ज्या आवाजाला नकार दिला असं अमिताभ बच्चन स्वतः सांगत आले, तो आधी १९६९ च्या 'भुवन शोम'मध्ये निवेदक म्हणून ऐकू आला आणि पुढे अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्याचा आवाज झाला. दूरदर्शनवरच्या 'महाभारत'मध्ये हरीश भिमाणींचा खोल आवाज म्हणजे प्रत्यक्ष काळ. आणि त्याच मालिकेत सगळ्यांचा घात करणारा शकुनी? तो खर्जात दरडावत नाही. तो भाच्याला जवळ घेऊन लाडाने बोलतो. मार्गारेट थॅचर यांनीही सत्तेवर येण्याआधी तालीम घेऊन आपला आवाज खाली आणला होता, तो काही कुणाला घाबरवण्यासाठी नाही. लोकांनी ऐकावं म्हणून.

खऱ्या जगातल्या दुष्टांचं काय? हिटलर म्हटलं की आपल्याला तो चिरका, चढा, किंचाळणारा आवाज आठवतो, म्हणजे जवळपास भरताचा 'दीप्त'. पण ४ जून १९४२ ला फिनलंडमध्ये मार्शल मानरहाइमशी त्याचं खासगी बोलणं चालू असताना एका फिनिश अभियंत्याने गुपचूप रेकॉर्डिंग केलं. सुमारे अकरा मिनिटांचं. त्यात हिटलर संथपणे, खालच्या पट्टीत, चहा पिताना शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलतो. त्याच्या साध्या बोलण्याचं एवढंच ध्वनिमुद्रण माहीत आहे. त्यात ओरडणं अजिबात नाही, म्हणूनच ते ऐकताना अंगावर काटा येतो.

हे सगळं नुसतं सिनेमाचं कौतुक म्हणून लिहिलं असतं, पण मध्यंतरी घरात एक प्रकार घडला आणि हा विषय माझ्यापुरता खेळाचा राहिला नाही.

माझ्या एका मावशीला व्हिडिओ कॉल आला. सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. पलीकडे कुठल्याशा तपास यंत्रणेचा म्हणवणारा अधिकारी, गणवेशात. तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला अटक होऊ शकते वगैरे. आपल्यापैकी अनेकांनी 'डिजिटल अटक' या नावाने हे प्रकार आता वाचले आहेत. चार तास ती फोनसमोर बसून होती. दोन मुदत ठेवी गेल्या.

नंतर ती जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "अरे, पहिला होता ना, तो अगदी सिनेमातल्यासारखा बोलत होता रे. जाड आवाजात, दरडावून. मला भीती वाटली, पण मनात कुठेतरी हेही येत होतं की हा काही खरा नाही. मी फोन ठेवणारच होते. मग तो दुसरा आला. त्याचा आवाज इतका मऊ! मला 'आई' म्हणाला. म्हणाला, साहेब कडक आहेत, पण मी बघतो काहीतरी. त्याने सांगितलं तसं मी केलं."

पैसे जाड आवाजाने नेले नाहीत. जाड आवाजाचं काम फक्त तिला मऊ आवाजाकडे ढकलण्याचं होतं. आणि तो सापळा इतका बरोबर बसला, कारण आयुष्यभर प्रत्येक गोष्टीने, नाटकाने, सिनेमाने तिला (आणि आपल्यालाही) हेच शिकवलं होतं की वाईट माणूस जाड आवाजात बोलतो. मग जो तसा बोलत नाही तो चांगलाच असणार, नाही का?

पोलीस तक्रार झाली आहे, थोडे पैसे बँकेत गोठवले गेले आहेत. मिळतील तेव्हा मिळतील. मावशी आता बरी आहे. फक्त अनोळखी माणसाने 'आई' म्हटलं की दचकते. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता तर आवाजाचा आणि माणसाचा उरलासुरला संबंधही सुटत चालला आहे. वय झाल्यावर जेम्स अर्ल जोन्स यांनी व्हेडरचा आवाज संगणकाने तयार करायला परवानगी दिली. २०२२ च्या एका मालिकेतला व्हेडर तसाच बोलला. २०२४ साली, ९३ व्या वर्षी, जोन्स गेले, पण तो आवाज पुढेही काम करू शकतो. तिथे निदान त्या माणसाची संमती होती. फोनवर भाच्याच्या आवाजात पैसे मागणाऱ्याला कुणाची संमती लागत नाही.

असो. गोष्टीतला राक्षस मी जाड आवाजातच सांगणार. मुलांना ती मजा हवीच असते, आणि घाबरून कुशीत शिरण्यासाठी तरी तो राक्षस हवा. पण परवापासून एक बदल केला आहे. माझ्या गोष्टीतला कोल्हा अगदी गोड, हळू आवाजात बोलतो, आणि मध्येच थांबून मी विचारतो, "हा चांगला की वाईट? कशावरून?" पहिल्या दिवशी उत्तर आलं, "चांगला, कारण तो छान बोलतो." आता उत्तर येतं, "थांब, आधी तो काय करतो ते सांग."

आमच्या घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः फोन लगेच उचलणाऱ्या सगळ्या मावशा-आत्या-काकांनी, हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी ही विनंती. पलीकडचा आवाज जाड असो की मऊ, फोन ठेवा आणि घरातल्या कुणालातरी विचारा. रात्री दोन वाजता विचारलंत तरी चालेल.